सत्तावन्नाव्या मिनिटाची नाडी

'चार बाय सहा' ह्या चित्रपटाच्या सत्तावन्नाव्या मिनिटाला न्हाणीघराच्या झरोक्यातून एक ओला हात आत येतो आणि नायिकेने महत्प्रयासाने उघडलेली कडी पुन्हा लावतो. त्या मिनिटाला आजीची नाडी एकोणसत्तर, सुनेची एकाहत्तर आणि आठ वर्षांच्या नातीची चौऱ्याऐंशी होती. तिघी नुसत्या स्वस्थ बसल्या असताना घेतलेल्या आकड्यांपेक्षा हे आकडे तीन ते चार ठोक्यांनी कमी होते. दहा दिवसांनी तोच चित्रपट इमारतीच्या सभागृहात दाखवण्यात आला. त्यानंतर सलग एकोणीस दिवस इमारतीतल्या एकतीस न्हाणीघरांपैकी एकाचीही कडी आतून लागली नाही.

ह्या सर्व नोंदी ज्या वहीत आहेत ती वही पाराकाकांची. त्यांनी चौतीस वर्षे एका प्रयोगशाळेत तापमापक तपासले होते. कारखान्यांतून, दवाखान्यांतून, शीतगृहांतून आलेले तापमापक बर्फाच्या पाण्यात बुडवायचे, प्रमाण तापमापकाशी ताडून पाहायचे आणि कोणता किती खोटे बोलतो ते एका चिठ्ठीवर लिहून ती त्याच्या मानेला बांधायची, हे त्यांचे काम. इमारतीने त्यांचे नाव त्यावरूनच ठेवले. निवृत्त होऊन त्यांना आठ महिने झाले होते. काम सुटले, चिठ्ठ्या सुटल्या नाहीत.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर 'किलोमागे नऊ ग्रॅम जास्त' अशी चिठ्ठी होती. दिवाणखान्यातल्या घड्याळावर 'दिवसाला चार सेकंद पुढे', शिवणाच्या फितीवर 'मीटरला दोन मिलिमीटर सैल', आणि नातीच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर 'शून्य झिजले आहे, एकपासून मोजावे' असे लिहिले होते. नात वर्गात सगळ्या रेघा एकपासून मोजत असे आणि बाईंना कारणही सांगत असे.

"घरभर चिठ्ठ्या झाल्या. माझ्यावर तेवढी लावायची राहिली," काकू एकदा म्हणाल्या.

"तुझी चूक स्थिर नाही," काका गंभीरपणे म्हणाले. "स्थिर चुकीलाच चिठ्ठी लावता येते."

सहाव्या महिन्यात घरातल्या तपासण्याजोग्या वस्तू संपल्या. सातव्या महिन्यात त्यांनी सगळ्या पुन्हा तपासल्या. आठव्या महिन्यात ते खिडकीशी बसू लागले. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, दुसरे काही दिसत नाही. ते तिकडे दोन दोन तास पाहतात हे लक्षात आल्यावर घरात कोणी मोठ्याने बोलेनासे झाले. मुलगा कामानिमित्त सहा महिन्यांसाठी परगावी होता. तो फोनवर विचारी, "बाबा कसे आहेत?" काकू सांगत, "ठीक आहेत," आणि हे सांगताना स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेत.

अशा एका सकाळी रहिवासी मंडळाचे चिटणीस आले. ते दंतवैद्य होते. समोरच्या माणसाला उत्तर देता येणार नाही अशा अवस्थेत प्रश्न विचारण्याची त्यांना तीस वर्षांची सवय होती, त्यामुळे दिवाणखान्यातही ते उत्तरासाठी थांबत नसत.

"काका, मोठा पेच आहे. दर महिन्याला आपण खालच्या सभागृहात सगळ्यांसाठी चित्रपट लावतो, तुम्हाला माहीतच आहे. ह्या वेळी पोरांनी एक भयपट आणलाय. सगळा चित्रपट म्हणजे एक बाई आणि एक न्हाणीघर. कडी अडकते आणि ती आतच राहते. निम्मे म्हणतात, ह्यात रक्त नाही, सुरा नाही, शिवी नाही, मग मुलांनी का बघू नये? निम्मे म्हणतात, बंद खोलीत गुदमरणारी बाई हे काय बघणं आहे? काल बैठकीत हमरीतुमरी झाली. तुम्ही विज्ञानवाले. तुमचं मत काय?"

आठ महिन्यांत काकांना कोणी काही विचारण्याची ही पहिली वेळ होती. ते खिडकीपासून वळले.

"मत नाही देणार," ते म्हणाले. "मत सगळ्यांकडे असतं. मी मोजून देतो."

"भीती मोजता येते?"

"ताप मोजता येतो, तर भीतीनं काय घोडं मारलंय? घाबरलेल्या माणसाची नाडी वाढते. माणूस कितीही आव आणू दे, मनगट खोटं बोलत नाही. स्वस्थ बसल्याच्या आकड्यापेक्षा वीस ठोके वाढले, तर चित्रपट कुटुंबासाठी अयोग्य. वीसच्या आत राहिले, तर योग्य."

"आणि नेमके वीस वाढले तर?"

"पुन्हा मोजायचं."

दंतवैद्य इतके प्रभावित झाले की ते चक्क थांबले. मग म्हणाले, "जमलं तर काका, कायमचे परीक्षक तुम्हीच. दर महिन्याचा चित्रपट आधी तुमच्याकडे, मग सभागृहात. तुम्ही सही केल्याशिवाय दिवा मालवायचा नाही."

ते गेले. काकांनी आरशात पाहिले आणि दाढी केली. त्या आठ महिन्यांत ते फक्त रविवारी दाढी करत, आणि त्या दिवशी गुरुवार होता. मग त्यांनी विचारले, "माझा पांढरा कोट कुठे आहे गं?" काकूंनी तो कपाटाच्या तळातून काढला, डांबरगोळीचा वास जाईपर्यंत गॅलरीत झटकला आणि कॉलरपासून इस्त्री केली. इस्त्री करताना त्या सुनेशी हळू आवाजात बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. नात तिथेच शिवणाच्या फितीशी खेळत होती. काकांना त्यातले काही ऐकू आले नाही, आणि आले असते तरी त्या वेळी ते वहीत रकाने आखण्यात गुंग होते.

प्रयोगाची मांडणी निर्दोष होती, असे काका पुढे कित्येक दिवस म्हणत राहिले. नाडी दाखवणारे, बोटाला लावायचे तीन चिमटे खालच्या औषधवाल्याकडून आणले होते. ते आळीपाळीने स्वतःच्या बोटाला लावून, दुसऱ्या हाताने मनगट धरून, घड्याळाची चार सेकंदांची चूक वजा करून काकांनी पारखले. तिन्ही एका ठोक्याच्या आत जुळले. एकसष्ट वर्षे, चौतीस वर्षे आणि आठ वर्षे अशा तीन वयांच्या तीन व्यक्ती घरातच उपलब्ध होत्या. पडदे ओढले. पंखा दोनवर ठेवला. तिघींना सोफ्यावर ओळीने बसवले.

राहिला प्रश्न निरीक्षकाचा. निरीक्षकाने चित्रपट पाहिला तर तो स्वतःच घाबरण्याचा संभव असतो, आणि घाबरलेल्या माणसाने घेतलेल्या नोंदीवर काकांचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी टीव्हीकडे पाठ केली. एक बसके स्टूल सोफ्यासमोर साडेतीन फुटांवर मांडले, म्हणजे त्यांच्या डोक्यावरून तिघींना टीव्ही दिसेल आणि त्यांना तिघींची बोटे दिसतील. कानांत कापूस घातला.

"मी इथे नाहीच असं समजा," त्यांनी सूचना दिली. "नेहमीसारखा चित्रपट बघायचा."

"पण आजोबा, तुम्ही बरोब्बर मध्ये बसलाय," नात म्हणाली.

"मध्ये नाही. खाली."

चित्रपट ब्याण्णव मिनिटांचा होता. काकांनी दर मिनिटाला तीन, असे दोनशे शहात्तर आकडे लिहिले. मधूनमधून मान वर करून त्यांनी चेहरेही पाहिले, कारण डोळे मिटून बसलेल्या माणसाची नाडी ग्राह्य धरता येत नाही. तिघींचे डोळे सताड उघडे होते, एका जागी खिळलेले होते. वहीत तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या मिनिटाला 'लक्ष पूर्ण' असा शेरा आहे.

कापूस काढून त्यांनी बेरीज-वजाबाकी केली आणि चष्मा कपाळावर चढवला. "एकाही मिनिटाला, एकीचीही, सहाच्या वर वाढ नाही. उलट घट आहे. म्हणजे लोक भलत्याच वावड्या उठवतात. हा तर अंगाई म्हणून लावावा असा चित्रपट आहे."

"छानच आहे चित्रपट," काकू म्हणाल्या.

"हो, शांत वाटलं," सून म्हणाली.

"आजोबा, उद्या पुन्हा मोजायचं?" नातीने विचारले.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या फलकावर काकांच्या रेखीव अक्षरात कागद लागला: 'कुटुंबासह पाहण्यास योग्य. आधार: मोजमाप.' खाली सही, तारीख आणि, सवयीने, खोलीचे तापमान.

खेळ रविवारी दुपारी चार वाजता होता. एरवी ह्या खेळांना पन्नास डोकी जमत. त्या दिवशी विज्ञानाने हमी दिली म्हणून एकशे दहा जमली. आधी विरोध करणारी निम्मी मंडळी कडेवर लहानग्यांना घेऊन पुढच्या ओळीत बसली होती. काकू, सून आणि नात दुसऱ्या ओळीत होत्या. काका पांढऱ्या कोटात सर्वांच्या मागे, दाराशी उभे राहिले. आता निकाल लागलेला असल्यामुळे त्यांनी चित्रपट पाहायला हरकत नव्हती. तुलनेसाठी एक चिमटा त्यांनी स्वतःच्या बोटाला लावून ठेवला.

विसाव्या मिनिटाला सभागृहात लाह्या खाण्याचा आवाज बंद झाला. पस्तिसाव्या मिनिटाला तिसऱ्या मजल्यावरचे एक धिप्पाड गृहस्थ उठले आणि आधीच उघड्या असलेल्या खिडक्या आणखी उघडू लागले. पडद्यावरची बाई दोन हातांत मावेल एवढ्या जागेत कधी बसत होती, कधी उठत होती. बाकी काहीच घडत नव्हते, आणि काहीच घडत नाही हेच सहन होत नव्हते. पन्नासाव्या मिनिटाला दंतवैद्यांनी शेजारच्या बाईंचा हात धरला. त्या बाई त्यांच्या ओळखीच्या नव्हत्या, पण त्यांनीही तो सोडला नाही. सत्तावन्नाव्या मिनिटाला कडी निघाली, सभागृहाचा जीव भांड्यात पडला, आणि तेवढ्यात झरोक्यातून तो ओला हात आला.

त्या क्षणी सभागृहातून जो आवाज निघाला त्याची तीव्रता मोजण्याचे साधन काकांजवळ नव्हते. त्यांनी आपल्या चिमट्याकडे पाहिले. आकडा होता एकशे सव्वीस. त्यांनी वहीत लिहिले: 'उपकरण सदोष?' चिमटा दुसऱ्या हाताला लावला. एकशे एकतीस. त्यांनी 'सदोष' खोडले आणि अंधारात वही मिटली.

त्या गदारोळात दुसऱ्या ओळीतून एक ओळखीची किंकाळी आली. नात खुर्चीवर गुडघे टेकून मागे वळली होती आणि अंधारात काहीतरी शोधत होती. ती दार शोधत असावी, असे काकांना वाटले. दाराशी तेच उभे होते.

पुढचे एकोणीस दिवस इमारतीने उघड्या दारांनी अंघोळ केली. सकाळी सहा ते नऊ ह्या वेळात जिन्यात उभे राहिले तर सातही मजल्यांवरून एकच संवाद ऐकू येई.

"आहेस ना?"

"आहे."

"बोलत राहा."

चौथ्या मजल्यावरचे गणिताचे शिक्षक आपण हयात असल्याचा पुरावा म्हणून अंघोळभर पाढे म्हणत. एकदा साबण तोंडात गेल्यामुळे ते 'एकोणतीस सक' वर अडले; सत्ते येईना, तेव्हा घरातली चार माणसे बादलीसकट आत घुसली. एका आजींनी न्हाणीघराच्या दारात दगडी पाटा आडवा टाकला. सुताराला अकरा घरांनी कड्या काढायला बोलावले. तो काढलेल्या कड्यांची पिशवी खुळखुळवत काकांच्या दारावरून गेला आणि थांबून अदबीने म्हणाला, "साहेब, पुढचा चित्रपट दारांवर असेल तर आधी कळवा. माणूस वाढवावा लागेल."

काकांनी हे मुकाट्याने ऐकून घेतले. लिफ्टमध्ये लोक त्यांना नमस्कार करत आणि मग छताकडे पाहत. ह्यातले काहीही त्यांना इतके लागले नाही, जितके स्वतःच्या घरातले एक दृश्य लागले. नात न्हाणीघरात एकटी जाईना. दार अर्धे उघडे, आणि दाराबाहेर तेच बसके स्टूल टाकून आजोबा बसलेले, अशी अट होती. पोर अंघोळीला जाताना दोनदा मागे वळून बघे. हे आपण केले, हा आकडा वहीत कुठे लिहायचा ते त्यांना कळेना.

आणि कोडे तर सुटत नव्हते. तिने चित्रपट एकदा पाहिला होता, चौऱ्याऐंशीच्या नाडीने पाहिला होता. पाहिलेल्या गोष्टीची भीती दुसऱ्या खेपेला कमी व्हायला हवी. ती शून्यातून एवढी कुठून वाढली?

दहाव्या दिवशी दंतवैद्य आले. ते जमिनीकडे पाहत बोलले. "काका, विसाव्या दिवशी बैठक आहे. मंडळी तुम्हाला विचारणार. मी म्हणतो, एक वाक्य सांगून मोकळे व्हा. चिमटे बिघडले होते. बस्स. स्वस्तातले असतात ते, लोकांना पटेल. मी पाठिंबा देतो. पुढच्या महिन्याचा चित्रपट तुमच्याकडेच पाठवतो."

"चिमटे बिघडले नव्हते."

"असू द्या हो. त्यांना कुठे बोलता येतं?"

काकांनी विचार करतो म्हणून सांगितले. त्यांनी खरेच विचार केला, आणि तो त्यांना आवडला, ह्याची त्यांना पुढे सर्वांत जास्त लाज वाटली. एका वाक्यात परीक्षकपद वाचत होते. नाहीतर ती खिडकी आणि ती भिंत होतीच.

पण आधी त्यांनी चिमटे पुन्हा पारखले. तिन्ही बिनचूक. खोलीचा नकाशा काढला, पंख्याचा वेग पाहिला. मग त्यांनी काकूंना गाठले.

"तू तो चित्रपट घरी नीट पाहिलास ना?"

"पाहिला की. सगळा पाहिला."

"शेवटी काय होतं?"

काकू भाजी निवडत होत्या. "शेवट ना? शेवट गोड होतो."

चित्रपटाच्या शेवटी बाई आतच राहते, आणि घरात राहायला आलेली नवी भाडेकरीण खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीघराकडे चालू लागते. काकांनी हे सभागृहात स्वतः पाहिले होते. ते सुनेकडे गेले.

"सूनबाई, घरी पाहिलेल्या त्या चित्रपटात बाईला कोण सोडवतं?"

"तिचा नवरा नाही का येत, बाबा?"

चित्रपटात नवरा नव्हता. काकांनी दोन्ही उत्तरे वहीत शेजारी शेजारी लिहिली आणि त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. सभागृहात दोघींचे डोळे मिटलेले असणार, ते समजण्यासारखे होते. पण घरी तर डोळे उघडे होते. तीनदा तसा शेरा होता.

एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी ते स्टुलावर बसले होते. आत पाणी पडण्याचा आवाज येत होता.

"आजोबा, आहात ना?"

"आहे."

"बोलत राहा."

"काय बोलू? बरं, एक सांग. घरी मोजलं तेव्हा तुला भीती कशी नाही वाटली?"

"तेव्हा मी कुठे बघत होते?"

काका स्टुलावर ताठ झाले. "डोळे तर उघडे होते तुझे. मी पाहिले."

"उघडेच होते. मी तुम्हाला बघत होते. आजी म्हणाली होती, चित्रपट नको बघूस, घाबरशील आणि नाडी वाढेल, मग आजोबांना पुन्हा कोणी काही विचारणार नाही. ते मध्येच बसणार आहेत, त्यांच्या तोंडाकडे बघ, कळणार नाही. आजी आणि आई पण तेच करत होत्या." तांब्या बादलीवर आपटला. "मी मोजत पण होते. तुम्ही बावीस वेळा चष्मा वर केला. पेन्सिल चौदा वेळा तोंडात घातली. आणि लिहिताना तुम्ही गालातल्या गालात हसता, ते मोजायचं राहिलं, कारण ते थांबतच नव्हतं."

काकांनी चष्मा वर केला.

"आजोबा, आहात ना?"

"आहे, आहे."

"सभागृहात तुम्ही मागे होतात. मग मला तो हात बघावाच लागला. मी वळून शोधलं तुम्हाला, पण अंधार होता."

प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या नव्या उमेदवारांना काका पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवत: डोळा पाऱ्याच्या टोकाशी समपातळीत हवा, तो वर किंवा खाली असला की मागची रेघ भलतीकडे दिसते आणि वाचन चुकते. चौतीस वर्षांत ही चूक करणाऱ्या मुलांना त्यांनी कधी माफ केले नव्हते. आणि साडेतीन फुटांवरच्या चेहऱ्याकडे पाहणारे डोळे, आठ फुटांवरच्या पडद्याकडे पाहत आहेत असे त्यांनी स्वतः तीनदा वाचले होते, सहीनिशी. त्याहून अवघड गोष्ट अशी की त्यांनी खिडकीशी काढलेले ते सगळे दिवस घरातली तीन माणसे रोज त्यांचे वाचन घेत होती, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी काकूंना एवढेच विचारले, "कोटाला इस्त्री करताना शिकवलंस ना त्यांना?"

काकूंनी पोळी वाढली. "चुकलं माझं. पण तुम्ही किती दिवसांनी गुरुवारी दाढी केली होती."

ह्या कारणाला वहीत रकाना नव्हता.

विसाव्या दिवशी सकाळी नात न्हाणीघरात गेली आणि दारातून मान बाहेर काढून म्हणाली, "आजोबा, आज मी कडी लावून बघते. पण तुम्ही उठू नका हं." दार बंद झाले. आतून कडी लागल्याचा आवाज आला. एकोणीस दिवसांत इमारतीत लागलेली ती पहिली कडी. काकांनी वही काढून वेळ लिहिली: सात वाजून बारा मिनिटे. उठण्याची गरज उरली नव्हती, तरी तिचे होईपर्यंत ते बसून राहिले.

मग खाली जाऊन त्यांनी फलकावरचा जुना दाखला काढला आणि नवा कागद लावला. दंतवैद्य दवाखान्यात निघाले होते. त्यांनी तो वाचला आणि काकांचा दंड धरला.

"काका, कशाला? चिमट्यांचं ठरलं होतं ना आपलं? बैठकीआधी काढा हे. एवढं घरातलं फलकावर लावतात का? उद्यापासून तुम्हाला कोण चित्रपट देणार?"

"कोणी नाही," काका म्हणाले. "तुमचं बरोबर आहे." आणि त्यांनी चौथी टाचणी टोचली.

कागदावर त्यांच्या रेखीव अक्षरात लिहिले होते:

'दुरुस्ती. "चार बाय सहा" हा चित्रपट कुटुंबासह पाहण्यास अयोग्य आहे. आधीचा दाखला रद्द समजावा. चिमटे बिनचूक होते आणि आकडेही बरोबर होते. निरीक्षकाची बसण्याची जागा चुकली होती. मी टीव्हीला पाठ करून तिघींच्या समोर बसलो होतो, आणि ती सर्व ब्याण्णव मिनिटे त्या चित्रपट पाहत नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या.'